पडवळकाकांचं आळं

मे महिन्यात पडवळकाकांना "कसे आहात?" असं विचारायची सोय नव्हती. "मावा पडलाय," असं उत्तर यायचं. नाहीतर नुसतंच "ससे." तब्येत, मुलगी, देशातल्या बातम्या, कुठलीही चौकशी त्यांच्या परसात येऊन संपायची.

मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत आमच्या घरामागे ते एकटे राहत. निवृत्त इंजिनिअर. आडनाव वेगळंच, पण काकूंनी सांगलीहून आणलेल्या बियांचं पडवळ इथे पिकवून घरोघर वाटलं होतं, ते नाव काकांना चिकटलं. काकू दरवर्षी एकदोन पडवळं पुढच्या बियांसाठी वेलीवरच पिकू देत. त्या गेल्या तेव्हा डबीत मूठभर बिया उरल्या होत्या. काकूंचा तो वाण आपल्या हातून मरू द्यायचा नाही, एवढं एकच काकांनी मनाशी धरलं होतं.

माव्यावर ते आंबट ताक फवारत. त्या वासाने शेजारचा कुत्रा कुंपणाशी येऊन बसे. मावा जागचा हलत नसे. गोगलगायींसाठी राख, सशांसाठी लाल तिखट. सशांनी तिखटासकट मेथी फस्त केली. "आपल्याकडचेच दिसतात," काका म्हणाले. पण हसले नाहीत.

खरा वैरी गारठा. काका बी लावत ते अक्षय्य तृतीयेलाच. गावाकडे वेलभाज्या त्या मुहूर्तावर लावतात, काकूही लावायच्या. मिनेसोटात तेव्हा रात्री पाणी गोठतं.

"काका, मेअखेरपर्यंत थांबा ना. फोरकास्ट तरी बघा," मी वैतागून म्हणायचो.

"फोरकास्ट मीही बघतो रे. पण हिने कधी दिवस चुकवला नाही, आणि हिची वेल कधी मेली नाही."

संध्याकाळी ते काकूंच्या सुती साड्या आळ्यावर पांघरत. एका वर्षी कोंब वर आले आणि साडीखालीच काळे पडले. पुढे तर बिया मातीतच कुजल्या. वेल नाही म्हणजे पडवळ नाही, आणि पडवळ नाही म्हणजे नवी बी नाही. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्याकडे बघवायचंही नाही.

यंदा डबीतल्या शेवटच्या बिया लावल्या. मेअखेरीस त्यांची मुलगी बेलव्ह्यूहून आली, तेव्हा आम्ही तिघं आळ्याशी उभे होतो. काकांनी बोटाने माती उकरली. हाताला लागलेली बी दाबली, तर आत नुसतं पाणी.

"बाबा, तुम्ही डायरेक्ट बाहेर लावल्या?" ती म्हणाली. "आई तर लाँड्री रूममध्ये लावायची. पेपर कप्समध्ये, हीटरच्या बाजूला. पूजा वगैरे करून. बाहेर शिफ्ट करायची ते जूनमध्ये. यू डिडन्ट नो?"

"मी ऑफिसला असायचो," काका म्हणाले.

मग ते खाली बसले आणि दोन्ही हातांनी आळं बुजवायला लागले. मुलगी आत गेली. मी निघालो तसे मान वर न करता बोलले, "सांगायची रे ती. रोज जेवताना सांगायची, आज काय काय केलं ते. मी हं हं करायचो."