जेऊरात जेऊरकर नाहीत

नातवाला माझं नाव ठेवावं, अशी माझी मुळीच इच्छा नव्हती. आमच्या घराण्यात नातवाला आजोबाचं नाव ठेवतात, एवढंच. माझे आजोबा सदाशिव, म्हणून मी सदाशिव, म्हणून माझा नातूही सदाशिव. यात मी काय करणार? (जित्या माणसाचं नाव ठेवत नाहीत म्हणे. पण परंपरेसाठी मी जिवंत असण्याकडे दुर्लक्ष करायला तयार होतो.)

आड आले आमचे व्याही. मुलाने सिंगापुरात मेई नावाच्या चिनी मुलीशी लग्न केलं. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर बारसं सोलापुरात करायचं ठरलं, आणि मेईचे वडील लिनसाहेब आले. पहिल्याच जेवणात, शेंगांच्या चटणीने डोळे वाहत असताना ते शांतपणे म्हणाले, "आमच्या पूर्वजाने एक कविता लिहून ठेवलीय. तिचा एकेक शब्द एकेका पिढीला. त्या पिढीच्या सगळ्या भावंडांच्या नावात तोच. या पिढीचा शब्द बाळाला द्यावा, अशी माझी इच्छा आहे. पण तुमची परंपरा जुनी असेल, तर मान तुमचा."

"आणि तुमचं आडनाव कुठून आलं?" मी विचारलं. हे विचारायला नको होतं.

लिनसाहेब सांगू लागले. तीन हजार वर्षांपूर्वी एका राजाने आपल्या प्रामाणिक मंत्र्याला मारलं. मंत्र्याची गरोदर बायको रानात पळाली, तिथेच बाळंत झाली. पुढच्या राजाने त्या मुलाला आडनाव दिलं, लिन. म्हणजे अरण्य.

"आणि जेऊरकर?"

मला आजोबांपलीकडचं काडीचंही माहीत नव्हतं. पण म्हणून माघार घ्यायची?

"आम्ही जेऊरचे वतनदार," मी ठोकून दिलं. "तिथे अजून आमचं नाव काढतात."

आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे शोभाने, माझ्याकडे असं पाहिलं की कडक भाकरी घशातच अडकली. लिनसाहेबांचे डोळे मात्र पुन्हा भरून आले. "मग नाव ठेवण्याआधी बाळाला मूळ गावी नेलंच पाहिजे!"

झालं. दुसऱ्या दिवशी गाडी करून सगळे जेऊरला. स्टेशनजवळच्या पारावर एक म्हातारबा बसले होते.

"इथे जेऊरकरांचं घर कुठं आहे?"

"जेऊरकर? हितं कुनी न्हाय त्या नावाचं."

"असं कसं? जेऊरच ना हे?"

"व्हय की. पर जेऊरात राहतुया त्याला जेऊरकर कशाला म्हनंल कुनी? गाव सोडून जातुया त्योच जेऊरकर."

साठ वर्षं मी हे आडनाव मिरवतोय, पण एवढी साधी गोष्ट कधी डोक्यात शिरली नव्हती. तिथेच गाडीत बसायला हवं होतं. पण वतनदारी अंगात आली होती. म्हटलं, "माझे आजोबा इथलेच. सदाशिवराव."

"सोलापूरला गेल्याला सदा?" म्हातारबांनी काठी आपटली. "आमच्या थोरल्या आत्याच्या मांडवातनं पळाला त्यो. मंगलाष्टका चालू हुत्या, आन ह्यो मुंडावळ्यांसकट ठेसनात. मिळंल त्या गाडीत बसला. तुमी त्येचं नातू व्हय?"

मी लिनसाहेबांना इंग्रजीत म्हणालो, "ते म्हणतात, आजोबा फार धाडसी होते."

"नाही बाबा, ते तसं नाही म्हणाले," मेई म्हणाली, आणि तिने वडिलांना सगळं नीट सांगितलं, मुंडावळ्यांसकट. (ती मराठी शिकली तेव्हा अख्ख्या गल्लीत पेढे मीच वाटले होते.)

लिनसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नका. आमचं घराणंही पळण्यानेच सुरू झालं."

"तुमच्यामागे राजा लागला होता हो!"

मेईने हे म्हातारबांनाही मराठीत सांगितलं.

"आमची आत्याबी काय कमी नव्हती," ते म्हणाले. मग बाळाकडे बघून त्यांनी विचारलं, "ह्याचं नाव काय ठिवनार?"

"सदाशिव सोडून काहीही," शोभा म्हणाली. मला खरंच वाईट वाटलं. पण कुठल्या तोंडाने बोलणार?

लिनसाहेबांच्या कवितेतला या पिढीचा शब्द म्हणजे 'जागा न सोडणारा'. त्यावरून बाळाचं नाव ठेवलं अचल. बारशाला सगळे विचारायला लागले, आजोबाचं नाव का नाही ठेवलं? शोभा रंगवून सांगायला लागली, मेई मधूनमधून राहिलेलं भरत होती. मुंडावळ्यांपर्यंत गोष्ट आली, तसा मी मांडवाच्या मागच्या बाजूने हळूच सटकलो.

नाव गेलं तर गेलं, घराण्याची परंपरा तरी मोडू नये.