मागच्या चाकाचा आवाज

सायकलची चाके निवडताना माणूस स्वतःशी किती खोटे बोलू शकतो, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळले. गेल्या हिवाळ्यात मी नवी चाके घेण्याचे ठरवले तेव्हा कारणे तयार होती. पनवेलहून पहाटे निघून नागोठण्यापर्यंत जायचे आणि दिवस मावळायच्या आत परतायचे, तर चाक हलके हवे. रिम रुंद हवी, म्हणजे जाड टायर बसतो आणि खड्ड्यांचे हादरे मनगटापर्यंत पोहोचत नाहीत. ही सारी कारणे खरी होती. त्यांच्या मागे उभे असलेले कारण मात्र मी कोणाला सांगितले नाही. दर रविवारी ज्याच्यासोबत मी निघत असे, तो मित्र अलीकडे हळू चालवू लागला होता, आणि मला त्याचा कंटाळा येऊ लागला होता.

तो पनवेलच्या मोहल्ल्यातला. अर्धे आयुष्य आखातात काढून परतलेला, जाडसर, आणि बोलण्यात माझ्या दसपट. मी पुढे, तो मागे, अशी आमची रीत होती. मागे वळून पाहिले की सायकल वाकडी जाते; म्हणून पुढच्याने कानाने पाहायचे. त्याने पायडल थांबवले की त्याच्या मागच्या चाकातले फ्रीव्हील कटकट वाजे. माझी जुनी चाके ग्रीसने भरलेली, जवळजवळ मुकी. त्यामुळे कटकट ऐकू आली म्हणजे तो आहे, इतका हिशेब सरळ होता. रस्त्यावर आम्ही त्यापलीकडे एकमेकांची चौकशी कधी केली नाही.

खांदा कॉलनीतल्या दुकानदाराने मला कार्बनच्या उंच रिमची चाके एका रविवारपुरती लावून दिली. ओळखीच्या गिऱ्हाइकांना तो अशी सवलत देई. सकाळी पळस्पे फाट्यावर मित्राने ती पाहिली आणि हॉर्न वाजवणाऱ्या कंटेनरला हात दाखवून थांबवल्यासारखे केले.

"थांबा, थांबा, जनाबांची सवारी येते आहे! अरे, चाकं बदललीस, गुडघे कधी बदलणार?"

"तू मागे राहू नकोस म्हणजे झालं," मी म्हणालो.

"मी मागेच असतो. तेवढी एकच गोष्ट मला जमते."

कर्नाळ्याचा चढ सुरू झाला. चढावर कोणीच पायडल थांबवत नाही, म्हणून तेथे शांतता असणे स्वाभाविक होते. चाके खरोखरच हलकी होती. वळणावर खड्डा आला, तसा मी सवयीने डावा हात मागे नेऊन तो दाखवला आणि निघालो. खिंडीच्या माथ्यावरून उतार लागला, मी पाय थांबवले, आणि मागून कटकट ऐकू आली. स्पष्ट, अगदी जवळ. तो लागून होता. खोटे कशाला बोलू, माझा किंचित हिरमोड झाला. एवढी चाके लावूनही हा सुटत नाही, असे मनात आले. उतारभर मी त्याला खड्डे दाखवत राहिलो. "समोरून ट्रक येतोय, डावीकडे राहा," असेही एकदा म्हणालो.

तारा गावाजवळच्या टपरीपाशी मी ब्रेक दाबला, उतरलो, आणि न पाहताच "चहा घेऊ या," म्हणालो. सायकल हाताने ढकलू लागलो. ती कटकट माझ्याबरोबर टपरीच्या दारापर्यंत आली. मी थांबलो, तीही थांबली. एक पाऊल टाकले, ती पुन्हा वाजली. वळून पाहिले तेव्हा रस्ता पार उतारापर्यंत रिकामा होता. नव्या चाकाचे फ्रीव्हील त्याच्या चाकासारखेच वाजत होते, आणि इतका वेळ मी माझ्याच चाकाला सोबती समजून त्याच्याशी बोलत आलो होतो.

परतीचा चढ त्या चाकांनी मला फार लवकर चढवला. त्यांचा तो हलकेपणा मला सोसवत नव्हता.

तो खिंडीच्या पनवेलकडच्या बाजूला, झाडाला पाठ टेकून बसला होता. चेहरा राखेसारखा, सदरा घामाने चिंब. बोरे विकायला बसलेली एक आदिवासी बाई पदराने त्याला वारा घालत होती.

"तुमचाच मानूस हाय का?" तिने विचारले. "दोनदा हाक मारली यानी. तुमी हात हालवून निगून गेलात."

"हाक कुठली, बाई," तो डोळे न उघडता म्हणाला. "खोकलो असेन. जनाब, चाकं कशी आहेत?"

मी रस्त्यात जाऊन हात केला. भाजीचा एक टेम्पो थांबला, त्यात बसून आम्ही पनवेलच्या इस्पितळात पोहोचलो. हृदयाची एक वाहिनी बंद झाली होती. डॉक्टरांनी ती वेळेत उघडली.

कार्बनची चाके मी परत केली. काही दिवसांनी घेतली ती ॲल्युमिनियमची, जास्त आऱ्यांची, रुंद रिमची, आणि फ्रीव्हील अजिबात न वाजणारी. दुकानदार हसला. "काका, लोक मुद्दाम वाजणारं मागतात, आणि तुम्ही मुकं मागताय!" त्याला काय सांगणार? कचेरीत कोणी बॉलपेनचे बटण दाबत बसले तरी मी खुर्चीत वळून मागे पाहू लागलो होतो. निदान माझ्या खालून तरी तो आवाज मला नको होता.

मित्राला मी एकदा त्याच्या घरी सरळ विचारले, "हाक मारली होतीस ना?"

"किती वेळा तेच? मी हाक मारली असती तर कर्नाळ्याची माकडं पनवेलपर्यंत पळत आली असती." एवढे बोलून त्याने बायकोला शीरखुर्मा आणायला सांगितले आणि विषय संपवला. त्याने मला क्षमा केली की क्षमा करण्याजोगे काही घडलेच नाही असे तो खरोखर मानत होता, हे मला ठरवता आले नाही. त्या बाईला खोटे बोलण्याचे कारण नव्हते. त्याला होते.

डॉक्टरांनी सपाट रस्त्याची परवानगी दिली, तेव्हा आम्ही नेरे गावाकडे निघालो. मी त्याला पुढे घातले.

"म्हणजे आज मी इमाम, आणि तू मागे उभा," तो म्हणाला.

पनवेल मागे पडले, दोन्ही बाजूंना कापलेली शेते आली. तो सावकाश चालवत होता आणि मी त्याच्या चाकापासून हातभर अंतरावर होतो. माझे चाक वाजत नव्हते. थोड्या वेळाने त्याची मान ताठ झालेली मला दिसली.

"आहेस ना रे?" त्याने समोर पाहतच विचारले.

"आहे."

जरा पुढे गेल्यावर त्याने पुन्हा विचारले. मी पुन्हा सांगितले. मग एक लहानसा चढ आला, त्याचा श्वास मोठा झाला, आणि त्याने आणखी एकदा विचारले. या वेळी त्याचा आवाज शेवटाला चिरकला. खिंडीत त्या बाईने काय ऐकले असेल, ते मला तेव्हा प्रथमच ऐकू आले.

"आहे," मी म्हणालो, आणि त्याला नीट ऐकू जावे म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणालो.