सोलरच्या भिंतीला झापं

यंदाच्या उन्हाळ्यात किहीमच्या आमच्या घराची पश्चिमेची भिंत मी सोलरची करून घेतली. आधी छपरावरच पॅनेल बसवणार होते, पण तिथे माड वाकलेले. एक नारळ पडला की काच गेली. पश्चिमेला मात्र मोकळं शेत आणि पलीकडे समुद्र. म्हणून जांभ्याच्या भिंतीला गिलाव्याऐवजी ही काळी काच चढली. तिने भरणाऱ्या बॅटरीवर विहिरीचा पंप, दोन दिवे आणि आईचा पंखा एवढं चालायचं.

सगळा खटाटोप आईसाठी होता. पावसाळ्यात वाऱ्याने तारा तुटतात, दोन-दोन दिवस वीज नसते, पंप बंद पडतो आणि सत्तरी ओलांडलेली आई विहिरीतून कळशीने पाणी शेंदत बसते. म्हणून दादाने, माझ्या थोरल्या भावाने, फर्मान काढलं होतं: यंदाचे चार महिने आईने पनवेलला, त्याच्या सातव्या मजल्यावर राहायचं. आईचं उत्तर एकच, "तिथं पाय जमिनीला लागत न्हाय." मी तिच्या बाजूने दादाशी कडाकडा भांडले. शेवटी ठरलं की भिंत झाल्यावर मेअखेरच्या रविवारी तो येईल. गावात वीज नसताना पंप चालला तर आई इथेच राहणार, नाही तर तिची पिशवी उचलायची.

"नव्याचे नऊ दिवस," दादा म्हणाला.

"येऊन बघच," मी म्हटलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शुक्रवारी वळवाचा वारा सुटला आणि गावाची वीज गेली. अलिबागला माझ्या घरी मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या, परीक्षेला याहून चांगला मुहूर्त कुठला! रविवारी दुपारी दादा आणि मी बरोबरच पोहोचलो. ओटीवर आईची पिशवी ठेवलेली होती. म्हणजे आईने आधीच हार मानली की काय! तरी मी ऐटीत जाऊन पंपाचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. घरातला पंखाही गप्प. दादाने पिशवीकडे नजर टाकली, आणि तेच मला जास्त झोंबलं. वर आभाळात ऊन नुसतं रणरणत होतं.

"आई, पंप चालत होता ना?"

"काल सकाळपातूर चालला. मग बसला," आई फणसाचे गरे काढता काढता म्हणाली.

मी तरातरा घरामागे गेले, तर भिंत दिसेचना. वरपासून खालपर्यंत झापं! मिरग जवळ आला की आमच्याकडे माडाच्या झावळ्या विणून पश्चिमेच्या भिंतीला बांधतात, तिरपा पाऊस भिंतीत मुरू नये म्हणून. पन्नास वर्षं आईने हे केलंय. यंदाही केलं, तेही दुप्पट जाड, गाठीवर गाठी मारून.

मी ओरडले तशी दोघंही मागे आली.

"मंग?" आई म्हणाली. "एवढी नवी कोरी भिंत, ती भिजू देऊ व्हय?"

"अगं, ही भिंत ऊन खाते! तू तिचं जेवणच झाकून ठेवलंस!"

दादा हसायला लागला तो पार खाली बसला. मग उठून त्याने कोयता आणला आणि आईला न्यायला आलेला हा माणूस स्वतःच भराभर गाठी कापू लागला. मला तेव्हा तो फार आवडला. काच मोकळी झाली, उतरतं ऊन थेट तिच्यावर आलं. आम्ही गरे खात वाट बघितली. अर्ध्या-पाऊण तासाने मी बटण दाबलं. पंप घुरघुरला आणि पायपातून पाण्याची जाड धार आली. पन्नाशीचा दादा लहानपणासारखा पँट-शर्टासकट तिच्याखाली जाऊन उभा राहिला. तिथूनच त्याने हाक मारली,

"आई, अंग पुसायला दे काहीतरी!"

"त्या पिशवीत हाय."

मी पिशवी उघडली. आत दादाचा एक जुना पंचा होता. बाकी काही नाही.

"आणि तुझी लुगडी?" दादाने विचारलं.

"कपाटात," आई म्हणाली. "लेकीनं भिंत बांधल्यावर मी कशाला भरतेय पिशवी? पंप लागला की तू पाण्याखाली जाशील, तेवढं ठाऊक व्हतं."