सबनीस सरांचा चौथा थर

फोटो निघायचा म्हटलं की सबनीस सर शर्ट काढत. दंडाला खोबरेल चोळत, पोट आत ओढत आणि आमच्या मनोऱ्यापुढे हाताची घडी घालून उभे राहत. मागे आम्ही एकमेकांच्या खांद्यांवर थरथरत असायचो. फोटोग्राफर ‘झालं’ म्हणाला तरी हे ‘अजून एक घ्या’ म्हणत. एरवी त्या माणसाला घाम आलेला मी कधी पाहिला नाही.

मुंबईच्या आमच्या कॉलेजात ते व्यायाम शिकवत. पन्नास सालानंतरची ती वर्षं. कॉलेजांच्या क्रिकेट सामन्यांत आपल्या संघाच्या नावाने आरोळ्या ठोकायच्या आणि मध्यंतरात मैदानात धावत जाऊन मानवी मनोरा रचायचा, असं एक पथक त्यांनी काढलं होतं. पथकातली पोरं बहुतेक वसईकडची आणि सरही वसईतच भाड्याने राहत. म्हणून रविवारी, ख्रिस्ती पोरं चर्चमधली मिस्सा आटोपून आली की, किल्ल्याजवळच्या मैदानावर तालीम चाले.

तालीम म्हणजे काय, तर सर सावलीत खुर्ची टाकून बसत. आम्ही जोर-बैठका काढायच्या, मिठाचं पोतं पाठीवर घेऊन पळायचं, एकमेकांना खांद्यावर घेऊन उठायचं-बसायचं. कोणी धापा टाकत थांबला की खुर्चीतून आवाज येई, “हसा! दात दाखवा! लोकांना तुमचे गुडघे दिसत नाहीत, दात दिसतात!” हे त्यांचं सगळं शास्त्र. वरून पडलंच तर अंग कसं सोडावं, असं मी एकदा विचारलं. “पडायला शिकायला कॉलेजात आलास काय?” म्हणाले. त्यांना ते येतच नव्हतं, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

मी किडकिडीत, म्हणून सगळ्यात वर. तळाला मधोमध बस्त्याव. हा पाचूबंदरच्या कोळ्याचा मुलगा. त्यांच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. सुट्टीत बापाबरोबर होडीवर जायचा. तो खाली असला की वरच्याला जमिनीवर उभं राहिल्यासारखं वाटे. आरोळीही त्याचीच सगळ्यात मोठी.

एकदा प्राचार्य तालीम बघायला वसईला येणार असं ठरलं आणि सरांच्या अंगात आलं. तीन थर आम्हाला जेमतेम जमत होते. प्राचार्य यायचे त्या सकाळीच त्यांनी चौथा जाहीर केला. आदल्या दिवशी होडी वर ओढताना बस्त्यावच्या खांद्याला हिसका बसला होता. त्याने सगळ्यांदेखत सांगितलं, “सर, खांदा दुखते. आज मना खालती नको.”

“कोळ्याचा ना तू?” सर म्हणाले. “जाळं ओढताना बापाला सांगतोस का, खांदा दुखतो म्हणून?”

“तीन लावा, सर. तीन पेलीन मी.”

“प्राचार्य काय तीन बघायला एवढ्या लांब येताहेत?”

बस्त्याव जागेवर जाऊन बसला. प्राचार्य आले, थर चढले. मी सगळ्यात वर उभा राहिलो, हात पसरले. खालून सर ओरडले, “हसा!” तेवढ्यात माझ्या पायाखालचं सगळं उजवीकडे कललं. मी बाजूला गवतात फेकला गेलो. मनगट मुरगळलं, एवढंच. बाकीचे बस्त्याववर कोसळले. त्यांना ओढून बाजूला केलं, तेव्हा त्याचा हात भलतीकडेच वळला होता आणि तो ओठ चावून आभाळाकडे बघत होता.

सबनीस सर आधी प्राचार्यांकडे गेले. “थर पूर्ण झाला होता, सर,” ते म्हणाले. मी माझ्या कानांनी ऐकलं. “या पोराने पाय हलवला.” मग रुमालाने खुर्ची झटकून त्यांनी प्राचार्यांना बसायला दिली.

खांदा बसवला, पण तो नीट बसला नाही. हात छातीच्या वर जाईना. बस्त्यावचं कॉलेज सुटलं, जाळं ओढणंही गेलं. आवाज तेवढा शाबूत होता. तो बंदरावर मासळीच्या लिलावात बोली पुकारू लागला. आम्ही वसईकर पोरांनी पथक सोडलं. सरांना काय फरक पडणार? त्यांनी दुसरी पोरं गोळा केली आणि पुन्हा फोटो काढले.

मी बंदरावर गेलो की बस्त्याव इकडचंतिकडचं बोले. त्या दिवसाबद्दल एकदाच म्हणाला, “पाय नाय हलला रे माजा. सरला कोनी सांगल काय?”

काही वर्षांनी सर नोकरी सोडून कायमचे पुण्याला निघाल्याचं कळलं. मी त्यांच्या खोलीवर गेलो. सामान बांधलेलं होतं, भिंतीवरचे फोटो मात्र अजून उतरवायचे होते. मी निरोप द्यायला आलोय असं समजून त्यांनी चहा मागवला आणि फोटोंकडे हात करून म्हणाले, “एवढी पोरं माझ्या हाताखालून गेली, पण एकही कधी पडला नाही.”

“पडला, सर. बस्त्याव. आणि त्याचा पाय हलला नव्हता. खांदा दुखतोय, हे त्याने तुम्हाला आधीच सांगितलं होतं.”

त्यांनी कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं. मग चेहरा खुलला.

“बस्त्याव? तो तळाचा? अरे, तो कुठे पडला? तो तर खालीच होता!”

चहा तसाच ठेवून मी उठलो. निघताना ‘येतो’ म्हणायची आपल्याकडे रीत आहे. मी दारातून वळून म्हणालो, “जातो.”