पायरीवर ठेवलेलं पिस्तूल

"विज्ञानापुढे सगळे सारखे असतात," असं प्राचार्य माईकवरून सांगत होते, तेव्हाच आमचे विभागप्रमुख माझ्या कानाशी आले. म्हणाले, "साहेब आले की तू टेबलाच्या मागं उभी राहा. नारळ मी फोडीन, माहितीही मीच देईन. तू फक्त बटण दाब."

मी मागे झाले. गाडी मी बनवली होती. तरी बटण दाबायला मिळतंय हेच मला उपकारासारखं वाटलं.

ही नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. नगरचं एक खासगी पॉलिटेक्निक, तिथलं विज्ञान प्रदर्शन. साहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, शिवाय एका साखर कारखान्याचेही. माझी गाडी वीतभर लांबीची होती. उजेडामागे आपोआप धावायची. तिचा डोळा व्हिडिओ गेमच्या पिस्तुलातला होता. टीव्हीवर बदकं उडायची आणि मुलं सोफ्यावरून ती मारायची, तेच पिस्तूल. त्यातून काहीतरी सुटतं असं सगळ्यांना वाटे. काहीही सुटत नाही. पिस्तूल नुसतं बघतं. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उजळतो, आणि नळीच्या तळाशी बारीक काचेमागं असलेल्या सेन्सरला तो दिसला की बदक पडतं. तो सेन्सर मी नळीसकट काढला आणि टेपरेकॉर्डरच्या दोन मोटारींना जोडला. उजेड दिसला की गाडी सरळ जायची. नाही दिसला की दिसेपर्यंत जागच्या जागी गरगरायची.

पिस्तूल साहेबांच्या बंगल्यातून आलं होतं. आम्ही पाथर्डीकडचे, बौद्ध. आईवडील दरसाल ऊसतोडीला जायचे. वडील गेल्यावर आई मला घेऊन नगरला आली आणि बंगल्यावर भांडी घासायला लागली. बंगल्याची एक रीत होती. आईच्या हातात कोणी काही देत नसे. कालची भाजी, जुनी साडी, महिन्याचा पगार, सगळं मागच्या पायरीवर ठेवलं जाई. वहिनीसाहेब, म्हणजे साहेबांच्या पत्नी, आत गेल्या, दार लागलं, की आईनं उचलायचं. पायरीवर आहे ते तुझं, हे कधी कुणी बोलून दाखवलं नव्हतं. गरज नव्हती. बोलून दाखवायला साहेबांची समता होती, ती ते गावोगाव भाषणांतून दाखवत.

तर एक दिवस पायरीवर पिस्तूल होतं. धाकट्या मालकांचा, म्हणजे साहेबांच्या मुलाचा, गेम बंद पडला होता. आईनं ते पदराखाली झाकून घरी आणलं. दिलेली वस्तू पदराखाली का आणायची, हे मी विचारलं नाही. मीही ते खोलताना दाराला आतून कडी लावली.

साहेब आले, सोबत वहिनीसाहेबही. नारळ फुटला. विभागप्रमुखांनी गाडीला हळदकुंकू वाहिलं, ते नेमकं नळीच्या तोंडावर. मी टेबलामागून हात घालून हळूच पुसलं. मग साहेबांच्या हातात बॅटरी दिली गेली. तिच्या उजेडाकडे गाडीनं चालत जायचं, असा बेत होता. त्यासाठी खिडक्यांना सतरंज्या टांगून हॉल अंधारा केला होता.

मी बटण दाबलं. गाडी फिरायला लागली. त्याच वेळी शूटिंगवाल्यानं साहेब नीट दिसावेत म्हणून आपला मोठा हॅलोजन पेटवला. गाडीनं साहेबांकडे पाठ केली आणि थेट शूटिंगवाल्याच्या पायाशी गेली.

"साहेब, हिला तुमच्यापेक्षा क्यामेरा आवडतो!" मागून कोणीतरी म्हणालं.

"साहेबांवरच गेलीय," दुसरा म्हणाला.

सगळे हसले. साहेब सोडून. वातावरण सावरायला वहिनीसाहेब गाडी बघायला वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या.

"हे आमच्या बाळाचं पिस्तूल ना? नळीवरचं हे वाघाचं स्टिकर त्यानंच चिकटवलंय."

विभागप्रमुख माझ्याकडे वळले. "कुठून आणलंस?"

"पायरीवर होतं, सर. बंगल्याच्या. आईसाठी ठेवलेलं."

"पायरीवर ठेवलं म्हणजे दिलं, असं होतं का गं?" वहिनीसाहेब म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. त्यांना चढवावा लागतच नसे.

आई दाराशी उभी होती. मीच बोलावलं होतं, गाडी बघायला. शेजारणीकडून इस्त्री करून घेतलेली साडी. ती लगबगीनं पुढे आली.

"चुकलं, बाईसाहेब. पोरीला कळलं न्हाई. येवढ्या बारीला माफी करा." मग माझा दंड धरला. "पड पाया. पड म्हन्ते ना!"

मी चोरी केली नव्हती. आईनंही नाही. तरी मान खाली गेली होती. 'चुकलं' हा शब्द जिभेवर तयार होता, नुसता सोडायचा होता. मी आईकडे पाहिलं. तिला तो शब्द शोधावा लागला नव्हता. मलाही नाही. हे माझ्या लक्षात आलं आणि तोंडातून दुसरंच बाहेर पडलं.

"वहिनीसाहेब, आईचा पगारही तुम्ही पायरीवरच ठेवता. तोही ती चोरते का?"

हॅलोजन चालूच होता. गाडी शूटिंगवाल्याच्या बुटाला ढुशा देत होती.

"तोंड आवर," विभागप्रमुख म्हणाले. "ते काढून दे आणि माफी माग. नाहीतर तुझ्या सबमिशनवर सही कोण करतं ते बघतो."

मी गाडी उचलली. स्क्रू काढले. नळी वहिनीसाहेबांपुढे धरली.

"ठेव तिथं टेबलावर."

"ठेवणार नाही. हातात घ्या."

त्यांचा हात पुढे आला नाही. माझा मागे गेला नाही. माझ्या बोटाला मघाचं कुंकू लागलेलं होतं. शेवटी साहेब म्हणाले, "चला, उशीर होतोय," आणि सगळे पुढच्या टेबलाकडे सरकले.

दुसऱ्या दिवशी आई कामावर गेली तर पायरीवर तिची वेगळी कपबशी ठेवलेली होती. दार बंद. ती कपबशी घेऊन घरी आली.

"खरंच बोल्लीस तू," ती म्हणाली. "पर काम माझं गेलं."

रागावली असती तर बरं झालं असतं. बोलले मी, आणि फेडलं तिनं. पुढे तिला दुसरी घरं मिळाली. माझी टोचणी मात्र गेली नाही. चोर ठरण्याची धास्तीही. दुकानातून बाहेर पडताना मी अजून पिशवी उघडी धरते, कुणी बघायला मागितलेली नसते.

पण त्या दिवसापासून माझ्यासाठी कुणी काही ठेवून दिलं तर मी ते उचलत नाही. पगार असो, प्रमाणपत्र असो, पाण्याचा पेला असो. हातात द्या, नाहीतर तसंच राहू द्या. आणि माफी मागायला कुणी सांगितलं, तर आधी विचारते, कशाची? उत्तर मिळेपर्यंत उभी राहते.

प्रदर्शनाचं पहिलं बक्षीस थर्माकोलच्या साखर कारखान्याला मिळालं. त्याच्या चिमणीत उदबत्ती लावली होती.