उलटा गिअर

कमरेला सदा पाना खोचलेला, म्हणून गल्ली तिला पानाताई म्हणायची. खरं नाव कुणाच्या लक्षातही नव्हतं. कुणी विचारलंच तर कामातून मान वर न काढता ती असं काही उत्तर द्यायची, की विचारणारा मुकाट्यानं घर गाठायचा.

शर्यतीची ती जुनी मोटरसायकल तिनं भंगारातून ओढत आणली, तेव्हा टाकीला भोकं, इंजिन गंजून घट्ट, आणि चाकात तारांपेक्षा कोळ्याची जाळी जास्त. या वयात हे कसले डोहाळे, असं वहिनी म्हणाली. म्हणेना का! ताईनं इंजिनात डिझेल ओतून ते सोडवलं, चाकं नव्यानं विणली, टाकीला डाग दिला. गिअरची दांडी मात्र होती तशी उलटीच ठेवली. बहुतेक गाड्यांचा पहिला गिअर दांडी खाली दाबून पडतो, हिचा वर उचलून. पुढचे सगळे खाली दाबून. तरुणपणी तिनंच ती फिरवून बसवली होती, कारण वळणावर गाडी इतकी झुकायची की दांडीखाली पाय घालायला जागाच उरायची नाही.

हो, तिनंच. शर्यतीच्या तोंडावर दादाचा हात मोडला, आणि क्लबात बायकांना मज्जाव. मग दादाचं जाकीट, दादाचं हेल्मेट, दादाचा नंबर चढवून ती उतरली आणि भल्याभल्यांना धूळ चारली. बोललीस तर बक्षीस काढून घेतील, असं दादानं बजावलं. ती गप्प राहिली. पुढे दादा त्या गाडीवर पुन्हा कधी बसला नाही, पण तीच शर्यत स्वतःची म्हणून सांगत सुटला, आणि सांगता सांगता त्यालाच ती खरी वाटायला लागली.

आता क्लबच्या वर्धापनदिनी गाडी मिरवायची होती आणि टाकीवर विजेत्याचं नाव घालायचं होतं. ताईनं तोंड उघडलं. दादा हसला आणि चारचौघांत म्हणाला, की हिला लहानपणापासून थापा मारायची खोड आहे. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. पेंटर बिचारा ब्रश घेऊन ताटकळत उभा.

ताईनं इंजिन सुरू केलं, तापू दिलं आणि बाजूला झाली.

"दादा, जिंकलास ना तू? मग घे, ट्रॅकला एक चक्कर मारून ये."

दादा ऐटीत बसला. क्लच धरून त्यानं दांडी खाली दाबली. पहिल्याऐवजी दुसरा पडला, गाडीनं आचका दिला आणि बंद पडली. पुन्हा सुरू करून दिली, पुन्हा तेच. गाडीच म्हातारी झालीय, असं म्हणून क्लबच्या सेक्रेटरींनी सावरून घेतलं.

"उतर," ताई म्हणाली. पाना त्याच्या हातात दिला, बसली, पायानं दांडी वर उचलली आणि निघाली. शेवटच्या वळणावर ती इतकी झुकली की वहिनीनं डोळेच मिटले.

परत येऊन थांबली तेव्हा दादा तिच्या पायाकडे बघत होता. "उलटा आहे होय गं?" तो हळूच म्हणाला.

"तू जिंकलास तेव्हाही उलटाच होता, दादा."

पेंटरनं ब्रश रंगात बुडवला आणि ताईला तिचं नाव विचारलं. तिनं ते एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, दादाला नीट ऐकू जाईल अशा आवाजात.