राजघाटावरची लाल टाचणी

चतुर आणि टाचणी या पाण्याकाठी उडणाऱ्या किड्यांमधला फरक मी भेटेल त्याला समजावून सांगतो, त्याला ऐकायचं असो वा नसो. बसल्यावर पंख पसरून ठेवतो तो चतुर. पाठीवर मिटून घेते ती टाचणी, कागदाला लावायच्या टाचणीसारखीच बारीक. शाळेतून रिटायर झाल्यापासून बुऱ्हाणपुरात पाण्याकाठी जे दिसेल ते मी एका रजिस्टरमध्ये उतरवतो. मोबाइलच्या एका ग्रुपवर फोटोही टाकतो. तिथले जाणकार चुका काढतात आणि मला राग येतो.

सकाळी बायको माझ्याबरोबर राजघाटावर यायची. गुडघ्यांमुळे तिला फिरणं जमत नाही, म्हणून ती खालच्या पायरीवर गवताशेजारी बसायची. मी कॅमेरा गळ्यात अडकवून तापीच्या काठाकाठाने लांबवर पायपीट करायचो.

एकदा परत आलो तर म्हणाली, "अहो, तुमची ती हिरवी बारकी टाचणी आहे ना, तसलीच एक लाल बसली होती. आत्ताच उडाली."

"लाल चतुर असेल."

"पंख मिटून बसली होती. मला काय एवढंही कळत नाही?"

"हिरवीसारखीच लाल कशी असेल? उगाच काहीतरी सांगू नकोस. मी पाहिल्याशिवाय लिहीत नाही."

घाटावर दोन-चार ओळखीची माणसं होती. त्यांच्यासमोर मी वर्गात बोलावं तसा चढ्या आवाजात बोललो. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुम्ही जा, मला घरात कामं आहेत." तिसऱ्या दिवशीही तेच. कसली डोंबलाची कामं, दोन माणसांचं घर आमचं! पण "चल ना" म्हणायला माझी जीभ रेटली नाही. पंधरा दिवस एकटाच गेलो. ती पायरी रिकामी दिसली की कशात लक्ष लागत नव्हतं, खरं सांगतो.

मग ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला. इवलीशी, लालभडक टाचणी. जाणकाराने खाली लिहिलं होतं, ही त्याच हिरव्या टाचणीची तरुण मादी, वयात आली की हिरवी होते. कुणी कानफटात द्यावी तसं झालं मला. फोटो घेऊन तसाच स्वयंपाकघरात गेलो.

ती केळफूल निवडत होती. मोबाइल पुढे धरून विचारलं, "हीच का?"

तिने चष्मा सरळ करून पाहिलं. "हीच. आता ग्रुपवाल्यांनी सांगितलं, म्हणून तुमचा भरोसा बसला."

चुकलो म्हणालो. घाटावर चारचौघांत बोललो तेही चुकलं म्हणालो. रजिस्टर आणून तिच्यासमोरच जागा लिहिली, रंग लिहिला. कोणी पाहिली, त्या रकान्यात 'पत्नी' असं लिहिलं.

चिकाने काळे झालेले हात पदराला पुसून तिने रजिस्टर ओढून घेतलं.

"पत्नी काय? पाहणारीला नाव नसतं का?"

आमच्यात नावाने हाक मारायची पद्धत नाही. ती मला 'अहो', मी तिला 'ऐकलंस का', यावरच पस्तीस वर्षं निघाली. मी 'पत्नी' खोडलं आणि तिचं पूर्ण नाव लिहिलं. एकेक अक्षर नीट पडतंय का, ते ती वाकून बघत होती.

"आता वाचून दाखवा," ती म्हणाली.

मी तिचं नाव मोठ्याने वाचलं.

"उद्या मला लवकर उठवा," म्हणाली, आणि केळफूल निवडायला बसली.